रानाला पाय लावायची सकाळ

आमच्याकडं उन्हाळी भुईमूग कधी पेरायचा हे पंचांग ठरवत नव्हतं आणि रेडिओवरचा शेतकऱ्यांचा कार्यक्रमही ठरवत नव्हता. ते अण्णांचा उजवा पाय ठरवायचा. अण्णा म्हणजे माझे वडील. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. माझी सून कॉलेजात शिकवते, तीही हसली होती. हसू दे बापडी. संक्रांत झाली की थंडी मोडायला लागते, पण वरची हवा आणि खालची माती एकाच दिवशी मोडत नाहीत. दुपारी अंगातला स्वेटर काढावासा वाटतो आणि चार बोटं खालची माती मात्र अजून गारच असते. अशा मातीत शेंगदाणा टाकला तर तो ओल पिऊन फुगतो, पण अंकुर काढत नाही, बसल्या जागी कुजून जातो. बरं, फार थांबावं तर शेंगा भरायच्या वेळेला विहीर तळाला जाते. मधले आठ-दहा दिवस तेवढे आपले. ते कोणते, हे ओळखायचं काम आमच्या शिवारात अण्णांकडं होतं आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांकडं होतं.

पद्धत अशी. दिवस उगवायच्या आधी अनवाणी रानात जायचं. वाफ्याच्या मधोमध चार बोटं माती हातानं उकरायची, त्यात उजवा पाय घोट्यापर्यंत ठेवायचा, उकरलेली माती वरून ओढून घ्यायची आणि एक विडी ओढून होईपर्यंत हलायचं नाही. थंडी घोट्याच्या वर चढून नडगीत शिरली तर थांबायचं. घोट्याखालीच राहिली तर पेरायचं. याला ‘रानाला पाय लावणं’ म्हणत. अण्णा एकदा नाही, लागोपाठ तीन सकाळी पाय लावायचे आणि तिसऱ्या सकाळी बांधावर येऊन सांगायचे, “तापलं रान” किंवा “ऱ्हाऊ द्या अजून.” विहीर असलेली सहा घरं त्या शब्दावर चालायची. मी लहान असताना त्यांच्या शेजारी माझाही पाय मातीत घालून उभी राहायची. माझ्या पायाला दर वेळी नुसतं गारच लागायचं, मग ते म्हणायचे, “तुपला पाय अजून कोवळा हाय, त्याला इतक्यात इचारायचं नसतं.”

आमचं रान शहरातून पैठणकडं जाताना बिडकीनच्या अलीकडं होतं. आता तिथं सरळसोट रुंद रस्ते आहेत, दिव्याचे खांब आहेत आणि ज्याला आम्ही विहिरीचं वावर म्हणायचो त्याला प्लॉटचा एक नंबर आहे. मी आता शहरातल्या पुंडलिकनगरात दुसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरीत चार कुंड्या आहेत. मेथी टाकायच्या आधी मी अजूनही मातीत बोट घालून उभी राहते आणि समोरच्या बाल्कनीतल्या बाई माझ्याकडं बघतात. त्यांना काय सांगणार?

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मी शहरात मामाकडं राहून अकरावीला सायन्स शिकत होते. गावातून सायन्सला गेलेली पहिली मुलगी म्हणून मी जरा जास्तच टेचात होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. प्रयोगशाळेच्या कुलकर्णीबाई कडक होत्या, पण का कोण जाणे, माझ्यावर त्यांचा जीव होता. मी त्यांना अण्णांच्या पायाचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, त्यात भुईमुगाला माती किमान अठरा अंशांपर्यंत तापलेली लागते हे मला वाचून दाखवलं आणि रुमालात गुंडाळलेलं एक थर्मामीटर हातात दिलं. “सुट्टीत घरी जाशील तेव्हा वडिलांच्या पायाशेजारी हे लाव. रोजचा आकडा लिहून आण. फोडलंस तर मात्र माझ्यासमोर उभी राहू नकोस.” संक्रांतीची सुट्टी आणि तिला लागून कॉलेजचं गॅदरिंग असे बारा दिवस होते. मी ते थर्मामीटर वहीत घालून, वही छातीशी धरून एसटीनं घरी आले.

घरी शेंगा फोडणं चालू होतं. हा आवाज आता कुठं ऐकू येत नाही. बियाण्याच्या शेंगा यंत्रात घालायच्या नाहीत, दातानं फोडायच्या नाहीत, जमिनीवर आपटायच्या नाहीत. अंगठ्यानं टोकावर दाबायचं, की टक्‌ होतं आणि दाणा साल न दुखावता बाहेर येतो. माय, माझी थोरली बहीण लीलाताई आणि मी अशा तिघी ओसरीवर बसायचो आणि दुपारभर नुसतं टक्‌, टक्‌. दोन टोपल्या असायच्या. अख्खा, लालसर सालीचा दाणा बियाण्यात आणि साल फाटलेला दाणा स्वयंपाकात. त्यामुळं त्या दिवसांत घरात सगळंच दाण्याचं असायचं. दाण्याची चटणी, वांग्यात दाण्याचं कूट, रात्री शेंगदाण्याचं पातळ झिरकं आणि बाजरीची गरम भाकरी. दोन दिवसांत अंगठे सुजायचे. लीलाताई मात्र त्या वर्षी अंगठ्यांना तेल लावून बसायची. पैठणकडच्या एका घरी तिचं जमत आलं होतं. मुलगा शिक्षक होता, माणसं चांगली होती आणि पेरणी झाल्यावर महिन्याभरात ते लोक सुपारी फोडायला येणार होते. ताईचं वय गावाच्या हिशेबानं वाढत चाललं होतं. तिच्या डाव्या डोळ्यात फूल होतं, त्यामुळं दोन ठिकाणांहून नकार आला होता. माय देवापुढं काय काय नवस बोलली होती ते मायलाच ठाऊक. ताई फार बोलायची नाही, पण त्या दिवसांत शेंगा फोडताना ती मधूनच हसायची. मी विचारलं की म्हणायची, “कुठं हसले?”

अण्णांनी थर्मामीटर हातात घेतलं, उन्हाला धरलं, आतला चांदीसारखा पारा बघितला आणि म्हणाले, “ही नळी मातीत घालायची व्हय? मंग मपल्या पायाला पेन्शन देऊन टाका की.” माय हसली, मीही हसले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्याबरोबर रानात गेले. थंडी अशी होती की कानात दुखत होतं. अण्णांनी माती उकरून पाय लावला, मी वीतभर अंतरावर नळी लावली. ते विडी ओढत पूर्वेकडं बघत उभे होते. मी पाच मिनिटांनी वाकून बघितलं. चौदा.

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, “तापलं.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी पाय काढला, झटकला आणि चालायला लागले. तीन सकाळी नाही, एकच सकाळ. मी मागून म्हणाले, “अण्णा, चौदाच दाखवतंय. अठरा लागतं.” ते न थांबता म्हणाले, “काचेला काय कळतंय?” घरी येऊन मी ती नळी मायच्या काखेत लावली, कारण मला आधी नळीचाच संशय आला. मायच्या काखेत ती बरोबर चढली. शेजारच्या बाळाच्या काखेतही चढली. नळी ठीक होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच जाऊन पुन्हा लावली. तेरा आणि थोडं वर. म्हणजे रान तापत नव्हतं, उलट निवत होतं.

तोवर अण्णांचा शब्द सगळीकडं गेला होता. त्या दिवशी दुपारी रहीमचाचा आले. त्यांचं वावर आमच्या वावराला लागून. दोन विहिरी, एक बांध आणि बांधावरचं बोरीचं झाड दोन्ही घरांचं. ते घरात उर्दू बोलायचे, बाजारात मराठी बोलायचे आणि आमच्या ओसरीवर दोन्हींची मिसळ करायचे. “अण्णा, इस साल जरा जल्दी नहीं हो रा? थंडी लई हाय,” ते म्हणाले. अण्णा म्हणाले, “वर थंडी हाय, खाली नाय.” चाचांनी मान हलवली. “तुमचा पाय बोल्या, तो बस. मेरेकु दुसरं काय इचारायचं नाय.” ठरलं. परवा सकाळी पेरणी. मी कोपऱ्यात शेंगा फोडत होते आणि माझ्या वहीत चौदा आणि तेरा हे दोन आकडे होते.

त्याच दिवशी दिवेलागणीला अंगणात पऱ्हाट्यांची आणि बाभळीची शेकोटी पेटवली होती. अण्णा फळीवर बसून पाय पसरून बैलाच्या खुराबद्दल काहीतरी सांगत होते. माय चुलीपाशी होती, ताई शेजारी ताक मागायला गेली होती. शेकोटीतलं बाभळीचं एक खोड खचलं, त्यातला निखारा निसटला आणि अण्णांच्या उजव्या पायाच्या करंगळीला टेकला. मी बघत होते. अण्णा बोलत होते. मला वाटलं, आता पाय मागं घेतील. ते बोलतच राहिले. मग केस जळल्यासारखा वास आला. मी ओरडले, “अण्णा, पाय!” त्यांनी खाली बघितलं, हातानं निखारा उडवला आणि करंगळी धोतराच्या सोग्यात झाकून घेतली. तोंडावर वेदनेची रेघसुद्धा नव्हती. ते पायाकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

“कधीपासून?” मी विचारलं.

“हळू बोल,” ते म्हणाले. “दसऱ्याच्या टायमाला चप्पल पायातनं गळाली. मला कळलंच नाय. एका चपलीनं घरी आलो.”

“मग काल सकाळी पाय लावला तो?”

“गरम लागला की. पाय आतून भाजतोय सारखा, झोपंतबी भाजतोय. मी खोटं नाय बोललो शकू. मला गरमच लागलं.”

हे त्यांचं वाक्य मी आजवर शेकडो वेळा ऐकलंय. मला गरमच लागलं. गेल्या साली माझ्याच डॉक्टरांनी माझ्या तळव्याला एक बारीक नायलॉनचा धागा टेकवून “जाणवतंय का?” असं विचारलं, तेव्हाही ते कानात वाजलं. साखर आमच्या घराण्यात आहे, हे आता आम्हांला माहीत आहे. तेव्हा साखर म्हणजे फक्त डब्यातली, हे एवढंच आम्हांला माहीत होतं. आणि पाय बधिर होणं म्हणजे गावात एकच अर्थ होता. तो शब्द अण्णांनीच काढला.

“महारोग म्हणतील. लीलाचे लोक सुपारीला यायलेत. एकानं जरी ऐकलं तर त्या पोरीचं काय होईल?”

“मग एवढंच सांगा ना, तीन दिवस थांबा म्हणून. पायाचं नका सांगू.”

“आजपातूर सांगितलेला शब्द फिरवलाय का मी? फिरवला की कामून फिरवला म्हणून इचारतील. मंग समदे पायाकडंच बघतील.” त्यांनी करंगळी सोग्यात आणखी आत ओढली. मग म्हणाले, “तुपली नळी चुकत आसल.”

नळी चुकत नव्हती, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. तरी ते माझ्याकडं असे बघत होते, की जणू निकाल माझ्या हातात आहे. मी म्हणाले, “चुकत असेल.” एवढ्यात ताई ताकाचा तांब्या घेऊन आली आणि आम्ही दोघं पुन्हा बैलाच्या खुराबद्दल बोलायला लागलो. त्या रात्रीचं झिरकं मला आठवतं. मी ते ताटात तसंच ठेवलं म्हणून माय माझ्यावर चिडली होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पेरणीच्या आदल्या सकाळी, मी पुन्हा रानात गेले. तेराच. नळी हातात तशीच घेऊन मी बांध ओलांडला आणि रहीमचाचांच्या घरी गेले. मी अगदी ठरवून गेले होते. अण्णांच्या पायाचं सांगायचं नाही, फक्त नळीचं सांगायचं, म्हणजे चाचा तरी वाचतील. चाचा अंगणात ऊन घेत बियाणं चाळत होते. घरचंच राखलेलं बी होतं ते, पावसाळ्यात ओलीपासून जपलेलं. चाचींनी चहा टाकला. “बैठ बेटी,” चाचा म्हणाले आणि माझ्या हातातल्या नळीकडं त्यांनी एकदा बघितलं. चाचींनी विचारलं, लीलाचं कधी? सुपारीच्या दिवशी शीरखुर्मा माझ्या हातचा हां, तुझ्या मायला सांगून ठेव. त्यांनी आतून एक हिरव्या काचेच्या बांगड्यांची जोडी आणून मला दाखवली, ताईसाठी घेतलेली. मी ती जोडी नुसती हातात धरून बसले. मी नळीचं सांगितलं असतं, तर चाचा अण्णांकडं गेले असते, अण्णांनी पुन्हा पाय लावला असता, सगळ्यांच्या देखत, आणि मग... मी मूग गिळून बसले. चाचींनी कॉलेजचं विचारलं, मी कॉलेजचं सांगितलं. चहा प्याले आणि घरी आले.

पेरणीच्या रानात चपला घालत नाहीत. सहा घरांची माणसं त्या सकाळी अनवाणी होती. पुढं अण्णा नांगरानं तास, म्हणजे सरी, काढत होते, मागून माय, ताई आणि मी तासात एकेक दाणा टाकत होतो. पहिल्या तासालाच माझे तळवे बधिर झाले. दुसऱ्या तासाला ताई म्हणाली, “माय, पाय गळून जायलेत गं.” माय म्हणाली, “गप, दाणे मोज.” मायनं एकदा अण्णांच्या पाठीकडं बघितलं आणि पुन्हा खाली बघून दाणे टाकायला लागली. बांधापलीकडं चाचांनी बैल थांबवले होते. ते वाकले, तास हातानं उकरून आत तळवा ठेवला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग उठले, आमच्या रानाकडं बघितलं आणि बैलांना हाक दिली. त्या शिवारात त्या दिवशी एवढे पाय होते आणि प्रत्येक पायाला गार लागत होतं. गरम लागत होतं ते फक्त एकट्या अण्णांना. मला आजही याचं नवल वाटतं आणि रागही येतो. आधी स्वतःचा, मग सगळ्यांचा.

सुट्टी संपली. मी शहरात परत गेले आणि नळी रुमालात गुंडाळून कुलकर्णीबाईंना परत केली. त्यांनी आकडे मागितले. मी चौदा आणि तेरा लिहिलेलं पान फाडून टाकलं होतं. थंडीत उठवलंच नाही, असं मी सांगितलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि त्यानंतर त्यांनी मला कधी काही दिलं नाही.

दोन आठवड्यांनी शनिवारी मी एसटीनं घरी आले. रस्त्यावरूनच रान दिसायचं. एव्हाना दोन-दोन पानं वर यायला हवी होती. सहाच्या सहा वावरं काळीशार होती, पाणी दिलेलं, वाफे बांधलेले आणि वर काही नाही. आमच्या बांधावर माणसं जमली होती. चाचा मधोमध उकिडवे बसून तास उकरत होते. त्यांनी दाणा काढला, दोन बोटांत दाबला. आतून पांढरट लगदा आला आणि आंबूस वास सुटला. त्यांनी पुढं जाऊन दुसऱ्या तासात उकरलं. तिथंही तेच. अण्णांकडं बघून बोलायची सवयच कुणाला नव्हती. एकजण तेवढा पुटपुटला, “बी खराब आसल.” ही त्यानं अण्णांना दिलेली वाट होती. अण्णांनी नुसतं “व्हय” म्हटलं असतं, तरी चाललं असतं.

पण अण्णा खाली बसले. त्यांनी उजवा पाय पुढं केला, करंगळीवरची चिंधी सोडली आणि भाजलेली, चिघळलेली जागा सगळ्यांना दिसेल अशी धरली. “बी चांगलं व्हतं,” ते म्हणाले. “मपल्या पायाला कळत नाय. दसऱ्यापासून कळत नाय. मी झाकून ठिवलं.” त्यांनी माझं नाव घेतलं नाही, नळीचं नाव घेतलं नाही. मी तिथंच उभी होते, कॉलेजची पिशवी अजून खांद्याला होती. मग एकेक पाऊल मागं सरकलं. शिव्या कुणी दिल्या नाहीत, कुणी हातही उचलला नाही, माणसं नुसती मागं सरकली. चाचा तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांनी अण्णांचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि चिंधी पुन्हा बांधली.

पुढचं लवकर सांगते, कारण त्यात रेंगाळायला मला जमत नाही. पैठणकडं बातमी आमच्याआधी पोहोचली. यंदा मुहूर्त नाही, असा निरोप आला. चाचाच अण्णांना शहरातल्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी लघवी तपासली, रक्त तपासलं, पायाला टाचणी टोचून बघितलं आणि सांगितलं की हा महारोग नाही, साखर आहे. आणि महारोग असता तरी एवढं घाबरायचं काय होतं, त्यालाही औषध आहे, असंही ते चिडून म्हणाले. माय तो कागद पदरात बांधून पैठणकडं गेली. त्या लोकांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि मुलाचं दुसरीकडं ठरल्याचं सांगितलं. परत येताना ती अख्खा रस्ता चालत आली, एसटीत बसली नाही. ताईचं लग्न पुढं तीन वर्षांनी एका बिजवराशी झालं, दोन पोरांच्या बापाशी. तिचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही, पण शेंगा फोडताना ती हसायची तशी पुन्हा कधी हसलेली मी पाहिली नाही. दुबार पेरायला सहा घरांपैकी कुणाकडंच बी उरलं नव्हतं. चाचा आयुष्यात कुणाच्या हाताखाली गेले नव्हते, ते त्या उन्हाळ्यात मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालीला गेले. अण्णांची आधी करंगळी गेली, मग अर्धं पाऊल. पुढच्या वर्षापासून कुणी पाय लावला नाही. जो तो आपापल्या अंदाजानं पेरायला लागला. संक्रांतीनंतर अण्णा पहाटे उठून ओसरीवर बसून राहायचे आणि कुणी विचारायला येत नाही म्हटल्यावर, दिवस वर आला की आत यायचे.

मायनं मरायच्या आधी मला सांगितलं, की तिला पायाचं ठाऊक होतं. चप्पल गळाली त्याच दिवशी तिनं ओळखलं होतं. “लीलाचं होऊस्तर थांबू म्हणलं,” ती म्हणाली. मी तिला माझं सांगितलं नाही. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही.

गेल्या हिवाळ्यात मी बिडकीनला गेले. रहीमचाचा आता नातवाकडं असतात. जमीन गेली, चाची गेल्या, दिसायलाही कमी लागलंय. दारात खाटेवर, अंगावर घोंगडी घेऊन उन्हात बसले होते. मी नाव सांगितलं तसा त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणाले, “चाचा, एक सांगायचं राहिलंय. पेरणीच्या आदल्या सकाळी मी तुमच्याकडं आले होते ना, ते सांगायला आले होते, की रान गार आहे. नळीत दिसत होतं. आणि मी सांगितलं नाही.”

“मालूम हाय,” चाचा म्हणाले.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. पण ते सावकाश बोलत राहिले. “उस दिन अंधेरे में मैं बी रानाला पाव लगाके आया था. किसीकु बोल्या नहीं. बरफ के सरीका थंडा. लेकिन मेरा पाव क्या, अण्णा का पाव क्या. फिर बी दिल मानत नव्हता. बी चाळत बैठ्या था, इतक्यात तू आली. हाथ में वो नळी. मैं बोल्या, चलो, अब छोरी बोलेगी.”

“मग विचारलं का नाही मला?”

“बेटी के सामने उसके बाप पे शक करू क्या?” त्यांनी घोंगडी गुडघ्यांवर ओढून घेतली. “मैं वाट बघत बसलो. तू चहा पिली, तेरी चाची कु कॉलेज का बताई और गई. पढीलिखी छोरी, हाथ में नळी, कुछ बोली नहीं. तो मैं समझ्या, नळी बी येच बोलती होगी जो अण्णा बोल्या. और दुसरे दिन बैल जोते.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांचा हात धरून बसून राहिले. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते, की त्या सकाळी मी काहीच बोलले नाही.